नखाला लागते का

पहाटे पाचला, वाडीच्या नाक्यावर
ट्रकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी
टेंभुर्णेबाईंची गाडी.
मेडिकलमधून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या,
फंडाच्या पैशात जुनी ट्रॅव्हलर घेतली,
तिच्यात पलंग, शेगडी, इवलीशी मोरी बसवून घेतली.
लोक म्हणाले, बाई, फ्लॅट घ्यायचा होता.
बाई म्हणाल्या, फ्लॅटले चाकं लावून देता का?

मे महिना. सातनंतर या खिडक्यांना हात लावायचा नाही.
काच नाही ही, ॲक्रिलिक आहे,
उन्हात मऊ पडते, चिडते,
फिरत्या पॅडखाली ओढली जाते लोण्यासारखी.
म्हणून आधी कूलरच्या टाकीतलं गार पाणी
आणि चिमूटभर शाम्पू.
धूळ तरंगत जाऊ द्यायची. घासायची नाही.
घासायची नाही, हे आता मी पोरांना
दिवसातून दहादा सांगतो.

मग नख.
ओरखड्यावरून आडवं फिरवायचं, डोळे मिटून.
अडकलं तर खोल आहे, तासाभराचं काम.
नाही अडकलं तर ते नुसतं दिसणं.
माझी नखं कंपाउंडनं खाल्ली,
मी गिऱ्हाइकाचं मागतो.
बाईंनी बोट पुढे केलं,
तीस वर्षं नाडी पाहिलेलं.
"हे लागते. हेबी. हे नाई लागत."
मी कागदी पट्टी चिकटवत गेलो.

लांबलचक ओरखडे बाभळीचे, उमरेडच्या रस्त्यावरचे.
खालच्या कोपऱ्यात एक टिंब, अगरबत्तीचं.
"घासलं का रंग उडते काय?"
"नाही उडत. वरून लावलेला नाही हा,
ओततानाच आत घातला आहे."
"म्हणजे स्वभाव," बाई म्हणाल्या.

पंधराशेचा कागद, दोन हजाराचा, तीन हजाराचा,
सगळे ओले.
खिडकी आधी धुरकट होते, मोतीबिंदू झाल्यागत,
आणि गिऱ्हाइकाचा चेहरा इथे पडतोच.
बाईंचा नाही पडला.
जखम साफ केली का आधी वाईटच दिसते, म्हणाल्या.

एवढ्यात ऊन गोदामाच्या पत्र्यावरून घसरलं
आणि मागच्या खिडकीवर तिरपं पडलं.
गोल गोल, बारीक, एकात एक
शेकडो रेघा,
सगळ्या उजवीकडून खालून उठलेल्या,
डावीकडे वळलेल्या.

मी डावखुरा.

मागच्या दिवाळीत हीच गाडी.
बारा गाड्या रांगेत, टँकर आलेला नाही,
खिडकीवर कोराडीकडची राख बसलेली,
आणि माझ्या हातात कोरडं फडकं.
चकाचक दिसली होती. पैसे घेतले होते.

"हे कायनं झालं रे?"
मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी शफाअत बोलला,
"राख राह्यते ना बाई हवेत."
खोटं नव्हतं.
मी ते तसंच राहू दिलं.

बाईंनी नख फिरवून पाहिलं.
एकही रेघ अडकत नव्हती.
त्यांनी दुसऱ्यांदा फिरवलं, हळू.

मग सातचे आठ झाले.
शफाअतनं ओलं पोतं डोक्यावर धरलं, गाडीच्या आणि माझ्याही,
मी मशीन अगदी हळू ठेवून
मागची अख्खी खिडकी उतरवली,
कोणी सांगितलं नव्हतं तरी.
मध्ये एकदा हाताच्या पंज्यानं पाहिलं,
तापत तर नाही.

हिशेब केला: बाभळीचे चार, टिंबाचा एक.
"मागची धरली नाईस."
"राहू द्या ती."
"काहून?"
मी पट्टीचे तुकडे वेचत बसलो.
मनगट हातात न घेताही
नाडी मोजता येत असावी या बाईंना.
जास्तीची नोट त्यांनी परत पर्समध्ये ठेवली,
खटक्यानं बंद केली.
"दिवाळीले येतो मी," म्हणाल्या.
"पाणी भरून ठेवजो."

गाडी अमरावती रोडला लागली.
शफाअतनं फडकं दोरीवर वाळत घातलं होतं,
मी ते काढलं
आणि बादलीत बुडवलं.